मुसळ कोणी टाकलं

११ जानेवारी, रविवार
आज आठ महिने पुरे झाले. घरात कोणाच्या लक्षात नाही. माझ्या आहे.

मेची अकरा तारीख. मोठ्या जाऊबाईंच्या मनालीच्या लग्नाचा घाणा. आम्ही पाच सुवासिनी, दोन मुसळं एकत्र बांधलेली, वर आंब्याची पानं, उखळात हळकुंडं. गाणं संपेपर्यंत मुसळ खाली टेकवायचं नाही ही आमच्या घरची रीत. सकाळपासून माझा जबडा ठणकत होता, मला वाटलं दाढ. मग पाठीत मधोमध कोणी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. घाम, तोही गार. डावा हात जड जड होत गेला आणि मुसळ सुटलं. जोडमुसळ तिरकं होऊन उखळावर आदळलं, हळकुंडं अंगणभर.

मोठी सगळ्यांसमोर काय बोलली? "मुद्दाम टाकलं हिने. माझ्या पोरीचं चांगलं बगवत नाय हिला."

मग मला मागच्या खोलीत निजवलं, लाडवांच्या टोपांशेजारी. लिंबू सरबत पाजलं. कोणी फिरकलं नाही. दिवेलागणीला माझा निखिल कंपनीतून आला तेव्हा मी उलटीत पडलेली. पोराने घाबरून बाइकवर बसवून बोईसरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला झापलं, अशा पेशंटला बाइकवर आणतात का म्हणून. मग मला म्हणाल्या, सकाळीच आला असतात तर. हृदयाचा एक तुकडा मेला तो मेलाच, परत येत नाही.

तो तुकडा मोठीच्या मागच्या खोलीत मेलाय, लाडवांच्या वासात. हे मी सोडणार नाही.

१३ जाने.
उद्या संक्रांत. हळदीकुंकू अठराला ठेवलंय. वाण ठरलं. इतकी वर्षं चाळण्या, किसण्या, प्लास्टिकचे डबे वाटले. यंदा कार्ड.

मजकूर लिहून बोईसरला डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी लाल पेन घेतलं. "छातीत कळ आलीच पाहिजे असं नाही, हे सगळ्यात वर घ्या काकू. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी कधी छातीत काही होतच नाही." मी लिहिलेलं 'हातातून मुसळ पडणे' खोडलं. म्हणाल्या, हे लक्षण नाही. मी म्हटलं, माझं होतं. हसल्या. "मग 'हात जड पडणे' लिहा."

शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा टोमणा कशाला?" त्यांनी ती ओळ खोडली. छापखान्यात जाऊन मी परत घातली.

१६ जाने.
कार्डं आली. पिवळी, हळदीच्या रंगाची. फ्रिजला चिकटतील अशी, मागे चुंबक. एक इथे उतरवून ठेवते:

"छातीवर दाब, आवळल्यासारखं, जळजळ. किंवा छातीत काहीच नाही, पण जबडा, मान, पाठ, पोटाचा वरचा भाग, एक किंवा दोन्ही हात दुखणे वा जड पडणे. गार घाम. दम लागणे. मळमळ, उलटी. कधी नव्हे तो थकवा. यातलं काही अचानक आलं आणि चार-पाच मिनिटांत थांबलं नाही तर लगेच १०८. बसवून ठेवा, चालवू नका, बाइकवर नेऊ नका. थोडं बरं वाटलं म्हणून थांबू नका. पित्त निघालं तर उत्तमच, पण ते डॉक्टरला ठरवू द्या."

आणि खाली, जाड अक्षरात: "अशा बाईला मागच्या खोलीत निजवू नये. सरबत पाजू नये. मुद्दाम करते म्हणू नये."

ह्यांनी वाचलं. म्हणाले, "सुनंदा, घरातली गोष्ट हाय." मी म्हटलं, अंगणात झालेली गोष्ट घरातली कशी?

१८ जाने., रविवार
आजचं आजच लिहून ठेवते.

वीसेक जणी आल्या. मोठी येणारच होती, भिंतीला भिंत लागून घर, न येऊन जाते कुठे. हळद लावली, कुंकू लावलं, तीळगूळ दिला, ओटी भरली. सगळं रीतसर. कार्ड तिला सगळ्यांत शेवटी दिलं आणि म्हटलं, "वयनी, तुमचा आवाज चांगला. तुमीच वाचा सगळ्यांसाठी."

तिने वाचायला घेतलं. उलटीपर्यंत ठणठणीत आवाज. बाइकपर्यंतसुद्धा. मग खालच्या ओळीशी थांबली. स्टेशनजवळच्या नलूबाई मुद्दामच म्हणाल्या, "थांबल्या का? वाचा की." वाचलं तिने. एकेक शब्द. कोणीतरी फिस्सकन हसलं. मोठी उभी राहिली, पदर सारखा केला आणि वीस जणींसमोर म्हणाली, "चुकलं माजं, सुनंदा."

मी म्हटलं, "असू दे हो वयनी. तीळगूळ घ्या ना अजून."

आठ महिन्यांत पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं.

२३ जाने.
कार्ड उमरोळीभर झालंय. नलूबाई छातीत जळजळ होते म्हणून खरोखर जाऊन ईसीजीची पट्टी काढून आल्या. पित्तच निघालं. डॉक्टरीणबाई म्हणे ओरडल्या नाहीत, उलट म्हणाल्या, असंच या. नलूबाई आता सगळ्यांना सांगत सुटल्यात, 'माझं हार्ट एकदम नवं आहे.'

विहिरीवर मोठी आली की बायका हळूच विचारतात, "वयनी, सरबत घेणार काय?" ती हंडा भरून निघून जाते. मी ऐकते आणि भांडी घासते. माझा हात कधी एवढा हलका चालला नव्हता.

२९ जाने.
मोठी हंडा घेऊन विहिरीपासून घरापर्यंत जाताना दोनदा थांबली. चाळीस पावलंसुद्धा नाहीत. गेल्या वर्षी डोक्यावर एक, कमरेवर एक घेऊन बोलत बोलत जायची. नलूबाईंनी विचारलं तर म्हणे गुडघा. गुडघा दुखणारा माणूस गुडघ्याला हात लावतो. तिने कठड्याला धरलं आणि तोंड उघडून श्वास घेतला.

मला काय. लिहून ठेवलं.

३ फेब्रु.
मनालीचा फोन. वाणगावहून. निखिलच्या लग्नाचं विचारायला केला, चोवीसला लग्न, वीसला घाणा, सगळं विचारून झालं तरी फोन ठेवेना. मग म्हणाली, "काकी, आई उश्या लावून बसून झोपते. आडवी झाली की दम लागतो बोलते. पायपन सुजलेत. शुगर हाय ना तिला. मी बोलले डॉक्टरकडे चल, तर माज्यावरच ओरडली. तुमी बोला ना."

मी म्हटलं, "तुझ्या आईने मला विचारू दे. एकदा. तोंडाने."

पोरगी म्हणाली, "काकी, ती नाय विचारायची."

मग नाही तर नाही.

६ फेब्रु.
तरी ह्यांना पाठवलं. भावाकडे जायचं निमित्त करून वहिनीशी बोला म्हटलं. परत आले ते मान खाली घालून. तिने दिलेला निरोप जसाच्या तसा: "सुनंदाला सांगा, माजं काळीज धडधाकट हाय. मेले तरी चालेल, पन 'बगा, हिचंपन तेच निघालं' असं तिने चार जणींत बोललेलं नको."

ऐकायला गोड वाटलं पाहिजे हे. पहिली पाच मिनिटं वाटलंही. मग ताट तसंच राहिलं.

मी तिला इतकं हरवलंय की आता तिला आजारी पडायचीही सोय ठेवली नाही. वीस घरांच्या फ्रिजवर माझं कार्ड आहे, आणि त्यातली लक्षणं माहीत असलेल्या वीस बायका तिच्याकडे बघतात, म्हणून ती कोणासमोर धापसुद्धा टाकत नाही.

पण मग तिने विचारावं ना. मी काय मोठं मागतेय?

११ फेब्रु.
माझी तपासणी. बी.पी. ठीक. उठता उठता डॉक्टरीणबाईंना विचारलं, एका बाईला चार पावलांत दम लागतो, उश्या लावून बसून झोपते, पाय सुजतात, शुगर आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"या आठवड्यात आणा. पट्टी काढू, इको करू. हृदय रक्त ढकलायला कमी पडत असेल तर औषध आहे. पण बसल्या जागी दम लागला, घाम फुटला, जबडा-छाती काही धरलं, तर माझी वाट बघायची नाही, लगेच १०८. कोण आहे?"

"शेजारीण."

"मग घेऊन या."

"येत नाही."

"का?"

मी गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत घातली आणि निघाले.

१५ फेब्रु., रविवार
आज मी स्वतः गेले. अळूच्या पानांची पातवड केली होती, डब्यात घालून. वाटेत शब्द जुळवले: वयनी, झालं गेलं, डॉक्टरकडे चला, मी येते सोबत. तिने दार उघडलं. एका हाताने चौकट धरलेली. श्वास ऐकू येत होता. आणि माझ्या तोंडातून निघालं, "कार्ड वाचलंत ना नीट?"

मला खरंच तसं म्हणायचं नव्हतं. की होतं. तिने पातवड घेतली, दार लावून घेतलं. डबा संध्याकाळी परत आला, घासून, आत एक मूठ साखर घालून. रिकामा डबा परत करायचा नाही हे तिने तेवढ्यातही पाळलं. माझी जीभ कापून टाकावीशी वाटली. आणि तिचीही.

२० फेब्रु.
घाणा. १०८. बोईसर. ह्यांना फोन, मनालीला फोन.
साडी हळदीने माखलेली. नंतर लिहीन.

२१ फेब्रु., शनिवार
कालचं.

निखिलचा घाणा. मोठी आली. आलीच, कारण घरातली थोरली सुवासीण तीच, मुसळाला पहिला हात तिचा. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, आणि कुंकवाखालचा चेहरा राखेसारखा. मला डॉक्टरांनी जड उचलायला मना केलंय म्हणून मी नुसता हात लावून उभी, तिच्या बरोब्बर समोर. बाकी तिघींत नलूबाई.

गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला तिच्या वरच्या ओठावर थेंब आले. गार दिवस, सावलीतलं अंगण. चौथ्याला तिने मान वाकडी करून जबडा खांद्यावर घासला, दोनदा. तो जबडा मला माहीत आहे. तो माझाच जबडा होता नऊ महिन्यांपूर्वी.

मी हळूच म्हटलं, "वयनी, सोडा."

"नाय."

"सोडा बोलते ना."

"गानं होऊ दे."

अजून तीन कडवी होती. तिची बोटं मुसळावर पांढरी पडलेली. आणि मला लख्ख दिसलं की ही सोडणार नाही. तिने सोडलं की झालं, सगळं गाव म्हणणार, फिटंफाट झाली. ती उभ्या उभ्या मरेल पण माझ्यासमोर मुसळ टाकणार नाही.

म्हणून मी टाकलं. दोन्ही हात लावले आणि जोर करून ढकललं. जड उचलू नका सांगितलंय, ढकलू नका असं कोणी सांगितलं नव्हतं. मुसळं आडवी, पानं सुटली, उखळ कलंडलं, हळद माझ्या नव्या साडीवर. गाणं थांबलं. नलूबाई छाती धरून ओरडल्या, "अगं बाई, पोटच्या पोराच्या घान्याला! मुद्दाम टाकलंन ओ हिने, मी बगितलं!"

"हो, मुद्दाम टाकलं. आता कोणीतरी १०८ लावा."

कोणी हलेना. सगळ्या मुसळाकडे बघत उभ्या. कार्डाच्या लेकी सगळ्या! मीच फोन लावला. वय, शुगर, दम, घाम, जबडा, उमरोळी, स्टेशनकडून वर, आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं घर. मोठीला ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं, ब्लाउजचं वरचं बटण काढलं. तेवढ्यात एक शहाणी आतून सरबत घेऊन आली. पेला घेतला आणि अंगणात ओतला.

गाडी आली. डॉक्टर उतरला, बोटाला चिमटा लावला, पट्टी काढली, म्हणाला लगेच निघायचं. आणि मोठीने ओट्याचा खांब धरला. दोन्ही हातांनी. डॉक्टर समजावतोय, हे समजावतायत, मोठे दीर हात जोडतायत. ती फक्त माझ्याकडे बघत होती.

"आदी बोल. त्या दिवशीपन मुद्दाम टाकलं व्हतंस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"माज्या मनालीच्या घान्याला. बोल सगळ्यांसमोर. मग बसते गाडीत."

गाडीचं दार उघडं. आत स्ट्रेचर. मिनिटामिनिटाला काय मरतं ते या अंगणात माझ्याएवढं कोणाला माहीत नाही. आणि वीस कार्डं, आठ महिने वाट पाहिलेलं ते 'चुकलं माजं', माझी छाती, माझा मेलेला तुकडा, सगळं तिला परत हवं होतं. खांब धरून, निळ्या पडलेल्या ओठांनी मागत होती. एवढा राग मला जन्मात आला नव्हता. मला तिला दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या.

"हो," मी म्हटलं.

"मोट्याने."

"हो! मुद्दाम टाकलं होतं! तुमच्या पोरीचं बघवत नव्हतं मला! झालं? आता उठा!"

तिने खांब सोडला.

नलूबाई मागे कोणालातरी म्हणाल्या, "मी म्हनतच व्हते." त्यांनी आज मला स्वतःच्या डोळ्यांनी टाकताना पाहिलंय. आता मेचं कोणीही खरं मानणार नाही. मी स्वतः शिक्का मारून दिला.

२१, दुपार
हॉस्पिटलचा बाक. बाजूला बिहारकडची एक बाई, नवरा तारापूरच्या कंपनीत, तोही आत. विचारते, "दीदी, आपकी बहन है?" म्हटलं, जेठानी. "तो इतना क्यों रो रही हो?" म्हटलं, "गुस्से से." तिने बिस्किटाचा पुडा पुढे केला. खाल्लं एक.

डॉक्टरीणबाई आल्या. रक्तवाहिनी बंद होती, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत गेलं. पण हृदय आधीपासून थकलेलं, महिनाभर तरी. फुप्फुसांत पाणी. दोन दिवस काही सांगता येत नाही, मग पुढे अँजिओग्राफीला हलवू. मला म्हणाल्या, "हीच का शेजारीण?"

"जाऊ."

"अकराला आणली असती तर बरं झालं असतं."

मला माहीत आहे. सकाळीच आला असतात तर, असं मला म्हणाल्या होत्या, तोच आवाज. महिनाभर मीही एका बाईला मागच्या खोलीत ठेवलं. सरबतही न देता. हे आज पहिल्यांदाच लिहितेय, आणि खोडणार नाही.

२२ फेब्रु., रविवार
घरी घाण्यातल्या तिघी आल्या होत्या. घाणा अर्धा राहिला, पाचवी कोणी बोलावून पुरा करू म्हणाल्या, चोवीसला लग्न आहे. मी म्हटलं नाही. हळद दुकानातून आणा. मुसळ पडलंय तिथेच राहू दे, वयनींचा हात लागल्याशिवाय कोणी उचलायचं नाही. नलूबाई तोंड वाकडं करून गेल्या. जाताना माझं कार्ड फ्रिजवरून काढल्याचं सांगून गेल्या. खोटारडीचं कार्ड म्हणे कशाला हवं. मी त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. म्हटलं, मला हव्या त्या शिव्या द्या, कार्ड लावा.

निखिल म्हणाला, "आई, पुढच्या खेपेला शेवटची ओळ काढून छापूया." बघू.

चार वाजता आत सोडलं. दोन मिनिटं. नळ्या, मास्क, कुंकू कोणीतरी पुसलेलं. तिने डोळे उघडले. मास्कच्या आतून बोलली, मला वाकून ऐकावं लागलं.

"सुनंदा. खरं काय?"

"कशाचं?"

"मुद्दाम टाकलं व्हतंस?"

नर्सने घड्याळ दाखवलं. समोर तिचा चेहरा, विचारणारा. एवढे महिने मला हेच हवं होतं, तिने मला तोंडाने विचारावं. सांगून टाकणार होते. ओठावर आलं होतं.

मग म्हटलं, "बऱ्या होऊन घरी या. अंगणात सांगते. सगळ्यांसमोर."

तिने डोळे मिटले. मास्कवर वाफ आली, गेली, परत आली. रागावली की हसली, कळलं नाही.

मनाली आज तिथे बसलीय. मी घरी आले, फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेय. अंगणात मुसळं तशीच आडवी. मला माझा 'हो' परत घ्यायचाय, आणि तो घ्यायला ती जिवंत लागेल.